वास आणि विश्वास

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला आकुर्डीतल्या कुठल्याही चार-पाच मजली इमारतीच्या जिन्यात डोळे मिटून उभं राहावं. कोणाकडे काय शिजतंय हे मजल्यागणिक सांगता येतं. पहिल्या मजल्यावर कांदा आणि सुकं खोबरं भाजलं जातंय, म्हणजे मटणाचा बेत. दुसऱ्यावर लोणी कढतंय. तिसऱ्यावर सुके बोंबील तव्यावर पडले आहेत आणि चौथ्या मजल्याने त्यापायी खिडकी लावून घेतली आहे. खिडकी लावून उपयोग नसतो, कारण वास वर-खाली नेण्याची सोय बिल्डरनेच करून ठेवलेली असते. तिला डक्ट म्हणतात. स्वयंपाकघरातला पंखा त्यात हवा फेकतो, न्हाणीघराची खिडकी त्यातच उघडते, आणि एका घरची फोडणी दुसऱ्या घरी अंघोळ करणाऱ्याच्या नाकात जाते.

या वासांची आकुर्डीला जुनी सवय आहे. बजाज ऑटोच्या इथल्या कारखान्यात स्कूटर तयार होत होत्या (ते उत्पादन २००७ साली थांबलं), त्या काळात कोकण, खानदेश, मराठवाडा, केरळ, बिहार अशा नाना मुलखांतून माणसं इथे पोटापाण्यासाठी आली आणि येताना आपापली फोडणी घेऊन आली. खोबरेल तेलातली मासळी, मोहरीच्या तेलातली भाजी, काळ्या मसाल्याची आमटी, सगळं एकाच डक्टमध्ये. कुरकुर चाले, नाही असं नाही. पण वास ही फार तर तक्रारीची बाब होती, लपवाछपवीची नव्हती. शेजारणीने "आज बोंबील वाटतं?" असं विचारलं, तर "हो, वाटीभर पाठवते" असं उत्तर यायचं.

आज ज्या वासाबद्दल लिहायचं आहे तो मात्र कोणी वाटीभर पाठवत नाही. गांजा म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे चिलीम आणि धुनीभोवती बसलेले बैरागी येतात. ते चित्र आता मागे पडलं आहे. गांजा ओव्हनमध्ये शिरला आहे. लोण्यात नाही तर तेलात त्याचा अर्क उतरवायचा आणि मग त्याच्या ब्राउनी, बिस्किटं, चॉकलेटं करायची, हा प्रकार अमेरिका-कॅनडापुरता राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोने मुंबईत मालाडच्या ऑर्लेम भागातल्या एका बेकरीवर छापा घालून गांजा घातलेल्या ८३० ग्रॅम ब्राउनी जप्त केल्या. त्याच महिन्यात माझगावात एका उच्चशिक्षित तरुणाच्या घरी दहा किलो चरसमिश्रित ब्राउनी सापडल्याचं ब्यूरोने जाहीर केलं. दहा किलो म्हणजे एखाद्या साखरपुड्याच्या पंगतीचा ऐवज झाला! आणि भट्टी कुठे, तर राहत्या घरात.

आकुर्डी-निगडीत आज कॉलेजं आहेत, चाकण-तळवड्याच्या कंपन्यांत नोकरीला लागलेली पोरं आहेत, चौघांनी मिळून भाड्याने घेतलेले टू-बीएचके आहेत. मध्यंतरी अशाच एका मुलाने मला जिन्यात गाठून विचारलं, "काका, अशी चिमणी मिळते का हो, की वास बाहेर जाणारच नाही?" मी म्हटलं, "काय शिजवणार आहेस?" तो हसला आणि विषय बदलला. त्याच्या मनात मासळीच असेल कदाचित. पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. कर्जाचं प्रकरण वाचण्याआधीच आमचे एक जुने साहेब म्हणत, "याला वास येतोय." कागद नीटनेटके असत, सह्या बरोबर असत आणि तरी साहेबांचं नाक बहुधा खरं ठरे. ज्याला वासाचीच सगळ्यात जास्त काळजी, त्याच्या पदार्थाची आपण जरा जास्त चौकशी करावी, एवढं मी त्या शाखेत शिकलो.

वास घालवण्याचे घरगुती उपाय आपल्या बायकांना कोणी शिकवायला नकोत. मासळीनंतर हाताला लिंबू, भांड्याला चिंच, संध्याकाळी धुपाटण्यात गुग्गुळ. हल्ली सुगंधी मेणबत्त्या आणि फवारेही असतात. पण कुठल्याही जाणत्या गृहिणीला विचारा, ती सांगेल की वासावर वास ठेवला तर एकाचे दोन वास होतात. तूप-तेलात उतरलेला वास पडद्यांत, गाद्यांत, लाकडी कपाटात जाऊन बसतो आणि चार दिवस उठत नाही.

गांजाचा वास हे तर आणखी गुंतागुंतीचं प्रकरण आहे. तो एका द्रव्याचा वास नाही. त्या झाडात जी सुवासिक तेलं असतात त्यातली काही आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. एक आंब्यात असतं, एक मिरी आणि लवंगेत असतं, एक लिंबाच्या सालीत. म्हणून तो वास आला की काहीतरी ओळखीचं वाटतं आणि नाव मात्र सुचत नाही. त्याचा जो उग्र, नकोसा भाग आहे तो काही गंधकयुक्त द्रव्यांचा आहे, आणि लसणाच्या वासाशी त्यांचं जवळचं नातं आहे, असं २०२१ साली रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि खरी मेख पुढेच आहे. ज्या द्रव्याने नशा चढते, ज्याला टीएचसी म्हणतात, त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नाहीच. म्हणजे वास येतो तो सोबत्यांचा. मुख्य आरोपी बिनवासाचा. उद्या कोणी तो वास शंभर टक्के घालवला, तरी ब्राउनीतली नशा रतीभरही कमी होणार नाही. फक्त ती ओळखण्याची खूण जाईल.

हे वाचताना तुम्हाला तुमच्या ओट्याखालचं सिलिंडर आठवलं असेल तर बरंच झालं. स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो घाणेरडा वास येतो तो मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा, आणि ते मुद्दाम मिसळलेलं असतं. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी एका शाळेत गळलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक मेले. वायू साठत होता, पण कोणाला कळलंच नाही, कारण वास नव्हता. त्यानंतर वायूमध्ये दुर्गंध मिसळण्याची सक्ती झाली. एका बिनवासाच्या धोक्याला माणसाने कायदा करून वास दिला. आपली आजी "गॅसचा वास येतोय का गं?" म्हणून रात्री उठून ओट्यापाशी जायची, तिला जाग आणणारी घाण अशी विकत घेतलेली आहे. आणि आपण इथे विचारतो आहोत, की चिमणी कुठली घेऊ म्हणजे वास कोणाला येणार नाही!

आता कोणी म्हणेल, भांग आपल्या परंपरेत नाही का? आहे, आणि मी सोवळेपणाचा आव आणणार नाही. शंकराच्या नावाने ती पिढ्यान् पिढ्या घोटली गेली आहे. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली या विषयावर एक मोठा आयोगही नेमला होता. माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं, आणि सरसकट बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरं, अशा मताला तो आयोग आला. पण ज्यांना परंपरेचा हवाला द्यायचा आहे त्यांनी परंपरा पूर्ण सांगावी. महाशिवरात्रीला, धुळवडीला भांग घोटली जाई ती ओसरीवर, चारचौघांत. दोन भांडी असत, एक साध्या थंडाईचं, एक भांगेचं. कुठलं कुठलं हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असे आणि भांगेच्या भांड्यापाशी एखादं वडीलधारं माणूस राखणीला बसलेलं असे. बडीशेप, मिरी, वेलदोडे घालून भांगेचा वास तिथेही झाकत, हे खरं. पण भांडं झाकत नसत. तरीही कोणाला तरी न सांगता पाजायची आणि त्याची फजिती बघत हसायचं, हा हलकटपणा त्या काळीही चालेच. आपल्या सिनेमांनी त्याची गाणी केली म्हणून तो गोड होत नाही. (आजचं सांगायचं तर उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत, आपल्या राज्यात परवान्याशिवाय भांग बाळगणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. थंडाई साधीच करावी हे उत्तम.)

ब्राउनीचं भांडं मात्र झाकलेलंच असतं. ती फ्रिजमध्ये, साध्या डब्यात, श्रीखंडाच्या शेजारी बसते. आपल्या घरांचा एक अलिखित नियम आहे: फ्रिजमधला डबा सगळ्यांचा. शाळेतून आलेलं पोर विचारत नाही. दुपारी गोड खावंसं वाटलं म्हणून आजोबा उठतात, तेही विचारत नाहीत, उलट सुनेला कळू नये म्हणून पटकन तोंडात टाकतात. कामाला येणाऱ्या बाईंना आपण "उरलंय ते घेऊन जा, मुलांना होईल" असं म्हणतो. हा जो विश्वास आहे त्याच्यावर घर चालतं, आणि नेमकी त्याच्यातच ही ब्राउनी सुरुंग पेरते. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी चढतो, कारण तो आधी पोटात आणि मग यकृतात जातो आणि तिथे त्याचं अधिक जोरकस रूप तयार होतं. खाणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही, म्हणून तो दुसरा तुकडा उचलतो. जाणून खाणाऱ्याची ही गत, तर न जाणता खाणाऱ्याची काय? रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा तीन तासांनी भिंत धरून उभे राहतात तेव्हा घरातल्यांना पक्षाघाताची शंका येते, ब्राउनीची नाही.

जिथे हे सगळं कायदेशीर आहे तिथली आकडेवारी पाहावी. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजायुक्त खाऊ खाल्ल्याच्या २०१७ साली २०७ नोंदी झाल्या. २०२१ साली त्या ३,०५४ झाल्या. जवळपास सगळ्या घटना राहत्या घरांत घडल्या होत्या. कॅनडाने २०१९ साली असा खाऊ विकायला परवानगी दिली ती एका पाकिटात दहा मिलिग्रॅमहून जास्त टीएचसी नको, या अटीवर. कोलोराडोत प्रत्येक तुकड्यावर खुणेचा शिक्का मारावा लागतो आणि प्राण्यांच्या किंवा फळांच्या आकाराच्या गोळ्या करायला बंदी आहे. म्हणजे ज्यांनी परवानगी दिली त्यांचाही सगळा खटाटोप कशासाठी, तर पदार्थाने स्वतःची ओळख सांगावी म्हणून. घरी लपून केलेल्या पदार्थावर ना शिक्का, ना मिलिग्रॅमचा हिशेब. एका तुकड्यात नाममात्र आणि शेजारच्या तुकड्यात तिप्पट, असंही होतं, कारण घोटलेलं लोणी सारखं पसरलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. शिजताना येणारा वास हीच त्याची एकमेव नोटीस. तीही फाडायची म्हणता?

नुसत्या वासाच्या मागे लागलं की काय होतं ते आमच्या सोसायटीच्या सभेत पाहायला मिळालं. चौथ्या मजल्यावरून दोन शनिवार रात्री विचित्र वास आला, अशी तक्रार होती. एक म्हणाले ओलं गवत जाळल्यासारखा, दुसरे म्हणाले जळक्या तुळशीसारखा. "तुळशीत भांग म्हणतात ती हीच," असं एक निवृत्त फोरमन पुटपुटले आणि हशा झाला. चिटणिसांनी मग तोडगा काढला. फलक लावायचा: इमारतीत उग्र वासाचे पदार्थ शिजवण्यास मनाई आहे. दोन-चार माना डोललीही. तेवढ्यात मागच्या रांगेतून मालवणकडच्या एक बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आमचे बोंबील ना?"

सभा गप्प झाली, कारण बाईंनी नेमकं बोट ठेवलं होतं. गांजाच्या निमित्ताने मासळीवर सूड उगवायला काही मंडळी टपलेलीच असतात. खाण्यावरून घर नाकारल्याच्या बातम्या आपण मुंबईतून वाचत आलो आहोत. ते लोण इकडे यायला एक फलक पुरे. बोंबलाचा वास कितीही सुटला तरी त्याने शेजाऱ्याचं पोर बेशुद्ध पडत नाही. आणि ब्राउनीला वास नसला तरी पडू शकतं. नाकाला त्रास होणं आणि जिवाला धोका असणं या दोन गोष्टींचा एकच नियम करणारी सोसायटी दोन्हीकडे चुकते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि त्याच महिन्यात त्याच्या धुराला आणि वासाला सार्वजनिक उपद्रव ठरवलं. मूळ प्रश्न तसाच राहिला आणि जून २०२५ मध्ये त्यांना विक्रीवर डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. नाकापुरता कायदा फार दिवस पुरत नाही.

कायद्याबद्दल एक-दोन गोष्टी घरमालकांनी आणि पालकांनी माहीत करून घ्याव्यात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यांच्यापासून केलेलं मिश्रणही त्यातच येतं. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो आणि त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चरसाचं अल्प प्रमाण फक्त शंभर ग्रॅम, आणि एक किलोच्या वर तर किमान दहा वर्षं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वजन करताना मिश्रणातला निरुपद्रवी भागही धरायचा. वकील यावर प्रत्येक खटल्यात भांडतील, पण अर्थ समजून घ्या: मैदा, साखर, अंडी हेही तराजूत बसू शकतात. चरसाची एक गोळी आणि सव्वा किलोचा केक यांतला फरक पोराला कळत नाही, तराजूला कळतो. आणि आपल्या जागेत हे चाललं आहे हे ठाऊक असून चालू देणाऱ्या मालकालाही याच कायद्याचं पंचविसावं कलम लागू होतं. जामीनदार होताना लोक कागद न वाचता सही करत, आणि वसुलीची नोटीस आली की बँकेत येऊन रडत. फ्लॅट भाड्याने देऊन वर्षभर तिकडे न फिरकणाऱ्या मालकांमध्ये मला तेच चेहरे दिसतात.

पण पोलिसांत धावणं हे पालकांचं पहिलं पाऊल असावं, असं मला वाटत नाही. आपल्याकडे गर्दचं थैमान माजलं होतं तेव्हा अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. व्यसन लागलेल्या मुलाला गुन्हेगार न समजता आजारी समजायचं, ही दृष्टी अनेक मराठी घरांना त्या संस्थेने दिली. व्यसनाधीन माणूस आपण होऊन उपचाराला गेला तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम कायद्यातही आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. मुलाच्या खोलीतून निराळा वास आला तर अगरबत्ती लावून गप्प बसणारे आई-वडील मी पाहिले आहेत. त्यांना भीती शेजाऱ्यांची असते. त्यांनी अगरबत्ती न लावता मुलाला समोर बसवून विचारावं.

आणि एखाद्या घरात लहान मुलाने किंवा म्हाताऱ्या माणसाने असं काही चुकून खाल्लंच, तर वाट पाहत बसू नये. मूल अवेळी गाढ झोपतं, उठवलं तरी धड उठत नाही, चालताना झोकांड्या खातं, ओकतं, कधी श्वास मंदावतो. १०८ ला फोन करावा किंवा गाडीत घालून सरळ मोठं रुग्णालय गाठावं. तिथे लाजेपायी किंवा धाकापायी "काही नाही खाल्लं" असं सांगणारे पालक डॉक्टरांना आंधळं करतात. डॉक्टर मग मेंदूज्वराची शंका धरून तपासतात, डोक्याचा स्कॅन काढतात, पाठीच्या कण्यातून पाणी काढतात, आणि मुलाच्या तोंडाला येत असतो फक्त चॉकलेटचा वास. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे जसंच्या तसं सांगावं, आणि डब्यात उरलेला तुकडा सोबत न्यावा.